राजाराम महाराजांची इंग्रजी रोजनिशी व तिचा संपादक

कोल्हापूरच्या छत्रपतींच्या घराण्याचा इतिहास लिहितांना जीं साधनें नेहमीं पुढें मांडलीं जातात, त्यांत सनदा, महजर, पत्रव्यवहार, खासगीचे जमाखर्च यांचाच भरणा असतो. या ढिगांत एक लहानसें छापील पुस्तक सहसा कोणी ठेवीत नाहीं. स. १८७० मध्यें यूरोपच्या प्रवासास गेलेले व परत येतांना फ्लॉरेन्स येथें वारलेले राजाराम महाराज यांची ही रोजनिशी होय. कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनीं ती संपादून लंडनच्या स्मिथ, एल्डर आणि कंपनीकडून १८७२ सालीं प्रसिद्ध केली. पुस्तक इंग्रजी, लिहिणारा वीस वर्षांचा, आणि विषय परमुलखांतील प्रेक्षणीय स्थळांचा. तेव्हां मोडी रुमालांत रमणाऱ्या मंडळींनीं तें बाजूस सारावें यांत नवल नाहीं. आमच्या मतें ही उपेक्षा योग्य नव्हे. तसेंच, ज्या थोड्यांनीं त्याचें कौतुक केलें आहे त्यांनीं तें बहुधा चुकीच्या कारणासाठीं केलें आहे, असेंहि आम्हांस वाटतें.

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यांत सांगतों. शिवाजी महाराज ऊर्फ बाबासाहेब हे ४ ऑगस्ट १८६६ रोजीं निवर्तले. (या शिवाजी महाराजांचा अनुक्रमांक निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळा आढळतो, कोणी थोरल्या छत्रपतींपासून मोजतो, कोणी केवळ करवीरच्या गादीपासून. वाचकांनीं अंकावर न जातां ‘बाबासाहेब’ या नांवावर जावें हें बरें.) त्यांस औरस पुत्र नव्हता. त्यांनीं आपला भाचा नागोजीराव पाटणकर यास दत्तक घेतलें, तेच राजाराम महाराज. दत्तकाचा हा अधिकार करवीरच्या गादीस ब्रिटिश सरकारनें १८६२ मध्यें सनदेनें मान्य केला होता, आणि त्या मान्यतेमागें १८५७ सालच्या प्रसंगीं बाबासाहेबांनीं धरलेलें धोरण होतें. नवे महाराज सोळा वर्षांचे होते. राज्यकारभार पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखालीं चालू राहिला, आणि महाराजांच्या शिक्षणाकडे जमशेटजी नवरोजी उनवाला हे पारशी गृहस्थ पाहूं लागले. १८७० च्या मे महिन्यांत महाराज मुंबईहून निघाले, जूनमध्यें लंडनास पोंचले, आणि ३० नोव्हेंबर रोजीं फ्लॉरेन्स येथें त्यांचा अंत झाला. सबंध रोजनिशी या सहा-सात महिन्यांत मावते.

कौतुक करणारे म्हणतात कीं, समुद्र ओलांडून विलायतेस जाणारे हे पहिलेच हिंदु राजे. हें विधान जसेंच्या तसें घेतां येत नाहीं. दुलीपसिंग त्या आधींच इंग्लंडांत स्थायिक झाले होते. कूर्गचे वीरराजेंद्र १८५२ मध्यें तेथें गेले होते. परंतु हे दोघेहि पदच्युत होते. नेपाळचे जंगबहादूर १८५० मध्यें गेले ते प्रधान या नात्यानें. तेव्हां ‘गादीवर असतां गेलेले’ एवढी पुस्ती जोडली तर राजाराम महाराजांचा मान राहतो, आणि ती जोडलीच पाहिजे. पण मराठी माणसाच्या विलायतप्रवासाची परंपरा त्यांच्यापासून सुरू होत नाहीं. रघुनाथराव पेशव्यांचे वकील हनुमंतराव १७८१ मध्यें लंडनांत होते. त्यांच्या सोंवळ्या स्वयंपाकाची अडचण पाहून एडमंड बर्क या डब्लिनांत जन्मलेल्या मुत्सद्यानें बीकन्सफील्ड येथील आपल्या बागेंतील कांचगृह त्यांस मोकळें करून दिलें, ही हकीकत आयर्लंडच्या व महाराष्ट्राच्या दोन्ही इतिहासकारांनीं फारशी सांगितलेली नाहीं. पुढें साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचें गाऱ्हाणें घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनांत चौदा वर्षें राहिले व १८५३ च्या सुमारास रिकाम्या हातानें परत आले. या दोघांची फेरी कामाची होती. त्यांस कांहीं मागावयाचें होतें. राजाराम महाराजांस मागावयाचें कांहीं नव्हतें, त्यांस पाहावयाचें होतें. पहिलेपणाच्या वादापेक्षां हा फरक आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

आतां रोजनिशीकडे वळूं. नोंदी बहुतेक त्रोटक आहेत. अमुक ठिकाणीं गेलों, अमुक गृहस्थ भेटले, इमारत चांगली होती, हवा थंड होती. राणी व्हिक्टोरियाची भेट असो वा एखाद्या कारखान्याची, लेखणीचा वेग तोच. राजकीय मतें शोधणारा वाचक निराश होतो. त्याच उन्हाळ्यांत फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध जुंपलें (१९ जुलै). त्याच उन्हाळ्यांत ब्रिटिश पार्लमेंटनें आयर्लंडांतील कुळांचे हक्क कांहींसे मान्य करणारा जमिनीचा कायदा संमत केला (१ ऑगस्ट), आणि पाठोपाठ प्राथमिक शिक्षणाचा कायदा. इनामें, सरंजाम आणि कुळें यांच्या गुंत्यांत वाढलेल्या राजपुत्रानें आयर्लंडांतील जमीनदार व कुळें यांच्या प्रकरणाविषयीं काय विचार केला असेल, ही जिज्ञासा आजच्या वाचकास होणारच. पण ती जिज्ञासा आपली आहे. तिचें ओझें वीस वर्षांच्या लेखकावर लादणें न्यायाचें नव्हे.

आमच्या मतें या पुस्तकाची खरी किंमत निराळ्या जागीं आहे. मराठी दरबारांत राजा स्वतः बोलत नाहीं. पत्राचा मायना चिटणिसाचा, मजकूर चिटणिसाचा, अक्षर कारकुनाचें. राजाचें म्हणून जें कागदावर येतें तें शिक्कामोर्तब. कागदांत ‘आम्ही’ किंवा ‘हुजूर’ असतें, तें पदाचें असतें, देहाचें नसतें. थोरल्या छत्रपतींच्या पत्रांविषयींसुद्धां ‘हा मजकूर स्वतः महाराजांनीं सांगितला काय?’ हा प्रश्न संशोधकांस पदोपदीं पडतो. या रोजनिशींत मात्र करवीरचा एक छत्रपति ‘मी’ म्हणून लिहितो. मी दमलों, मला बरें वाटलें नाहीं, मला अमुक आवडलें. शिक्क्याशिवायचा, मायन्याशिवायचा हा ‘मी’ करवीर दरबारच्या कागदांत नवीन आहे. तो इंग्रजीत अवतरला हा योगायोग नव्हे. ज्या भाषेंत दिनचर्या लिहिण्याचा पाठ मास्तरांनीं घालून दिला, त्या भाषेबरोबर तो प्रथमपुरुषहि आला.

म्हणूनच ‘हा मी कितपत खरा?’ असा प्रश्न पुढें येतो, आणि त्यासाठीं संपादकाची परीक्षा करणें भाग आहे. वेस्ट हे कोल्हापुरास पोलिटिकल खात्यांत होते. दक्षिण महाराष्ट्रांतील संस्थानांविषयीं त्यांचा एक टिपणग्रंथ मुंबई सरकारनें १८६९ मध्यें आपल्या निवडक दप्तरांच्या मालेंत छापला आहे, आणि पटवर्धनादि जहागीरदारांच्या अभ्यासकांस तो अजूनहि उघडावा लागतो. म्हणजे माणूस माहितगार, व्यासंगी, भाषा नेटकी. महाराजांविषयीं त्यांस माया होती हेंहि प्रस्तावनेंत दिसून येतें. परंतु त्याच प्रवासांत ते महाराजांचे सांगाती होते, देखरेख करणारे होते, आणि मृत्यूनंतर त्यांचे चरित्रकारहि तेच झाले. एकाच माणसाकडे ही तिन्ही कामें आलीं म्हणजे साधनाची परीक्षा दुप्पट कडक करावी लागते.

पुस्तकाचा हेतु वेस्ट लपवीत नाहींत. इंग्रजी शिक्षण दिलें असतां देशी राजपुत्र काय होऊं शकतो, याचा दाखला त्यांस वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. हा प्रश्न त्या वेळीं ऐरणीवर होता. राजकोटचें राजकुमार कॉलेज १८७० मध्येंच उघडलें, आणि लॉर्ड मेयो यांच्या कारकीर्दींत (मेयो हेहि डब्लिनचेच) राजपुत्रांच्या शिक्षणाचा विचार सरकारदरबारीं जोरानें चालू होता. तेव्हां ही रोजनिशी नुसती स्मृतिचिन्ह म्हणून छापली नाहीं. ती एका धोरणाची साक्षीदार म्हणून उभी केली आहे. जो मजकूर साक्षीसाठीं निवडला जातो त्याची छाननी झालेली असतेच. शिवाय ही रोजनिशी शिक्षकाच्या व अधिकाऱ्याच्या नजरेखालीं राहणाऱ्या तरुणानें लिहिली. जी वही दुसरे वाचणार हें ठाऊक असतें तींत माणूस कमी लिहितो. नोंदींचा तो त्रोटकपणा कित्येकांस बुद्धीचें दारिद्र्य वाटतें. आम्हांस त्यांत संकोच व सावधपणा दिसतो. राजवाड्यांत वाढलेल्या दत्तक मुलास सावधपणा कोणी शिकवावा लागत नाहीं.

सर्वांत जपून वाचावयाचा भाग म्हणजे शेवटचा, आणि तो महाराजांचा नाहीं. तो वेस्ट यांचा आहे. युद्धामुळें फ्रान्सचा मार्ग बंद, म्हणून मंडळी बेल्जम, जर्मनी व टायरॉलच्या डोंगरांतून इटलींत उतरली. नोव्हेंबरची थंडी, संधिवाताचें दुखणें, आणि लांबचा प्रवास. फ्लॉरेन्सला पोंचतांना प्रकृति ढासळली होती. बरोबरच्या देशी हकिमाचे उपचार व यूरोपियन डॉक्टरांचे उपचार यांविषयींची ओढाताण वेस्ट सांगतात, आणि सांगण्याचा झोंक असा आहे कीं डॉक्टरांस वेळींच हातीं रुग्ण मिळाला असता तर निराळें झालें असतें. असेलहि. पण हें सांगणारा गृहस्थ कोण, तर ज्याच्या हवालीं करवीरचा राजा दिला होता तो. परत गेल्यावर त्यास सरकारास उत्तर द्यावयाचें होतें, राणीवशास तोंड दाखवावयाचें होतें. असा वृत्तांत खोटा असतो असें आम्ही म्हणत नाहीं. तो कैफियत असते असें म्हणतों. कैफियत वाचण्याची रीत आमच्या वाचकांस शिकविण्याचें कारण नाहीं. वतनाच्या तंट्यांतील एका पक्षाची कैफियत हातीं आली म्हणजे आपण दुसऱ्या पक्षाची धुंडाळतों. येथेंहि तेंच करावयाचें.

दहनाचा वृत्तांत मात्र वेगळ्या जातीचा आहे, आणि त्यावर विश्वास ठेवण्यास जागा आहे, कारण तो एकट्या वेस्टवर अवलंबून नाहीं. फ्लॉरेन्स हें १८६५ पासून १८७१ पर्यंत इटलीच्या नव्या राज्याची राजधानी होतें. त्यामुळें ब्रिटिश वकील तेथेंच होता, मंत्रिमंडळ तेथेंच होतें, आणि नगरपालिकेची व सरकारची परवानगी एका दिवसांत मिळूं शकली. तीच घटना आडगांवीं घडती तर काय झालें असतें याची कल्पनाच करावी. त्याच रात्रीं आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, कास्चीने नांवाच्या उपवनाच्या टोंकास, चिता रचली गेली. तूप, कापूर, चंदन व सुगंधी द्रव्यें मिळालीं तेवढीं घातलीं. आणि सकाळपर्यंत विधि आटोपला. मूठभर मराठी माणसांनीं अनोळखी शहरांत, हिंवाळ्याच्या मध्यरात्रीं, नदीसंगम शोधून काढला, ही गोष्ट आम्हांस सबंध पुस्तकांत अत्यंत हृदयस्पर्शी वाटते. रक्षेचा एक कलश गंगेसाठीं राखून बाकीची नदींत सोडली.

या प्रसंगाचें महत्त्व यूरोपच्या बाजूनें पाहिलें म्हणजे कळतें. प्रेतदहन त्या खंडांत शतकानुशतकें बंद होतें. १८२२ मध्यें शेली या इंग्रज कवीचें दहन टस्कनीच्याच किनाऱ्यावर झालें, पण तें संसर्गाच्या भयानें केलेल्या नियमांमुळें. इटलींतील पहिलें आधुनिक दहन मिलान येथें २२ जानेवारी १८७६ रोजीं आल्बेर्तो केल्लर यांचें झालें. इंग्लंडांत तर दहन बेकायदा नव्हे हा निकालच १८८४ मध्यें लागला, आणि वोकिंग येथें पहिलें दहन १८८५ मध्यें झालें. म्हणजे करवीरच्या छत्रपतींची चिता या सर्वांच्या आधींची. यावरून कांहीं उत्साही लेखक ‘यूरोपास दहन कोल्हापुरानें शिकविलें’ येथपर्यंत मजल मारतात. तसा पुरावा नाहीं. इटलींतील डॉक्टर व सुधारक या विषयावर आधींपासून लिहीत होते. त्यांच्या चळवळीचीं कारणें आरोग्याचीं व धर्मसत्तेशीं चाललेल्या झगड्याचीं होतीं. अवघ्या दहा आठवड्यांपूर्वीं, २० सप्टेंबर रोजीं, इटलीच्या सैन्यानें पोपकडून रोम घेतलें होतें. अशा वेळीं परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांस पाद्र्यांच्या नाराजीची धास्ती कमी वाटली असावी, एवढा तर्क करण्यास हरकत नाहीं.

चितेच्या जागीं १८७४ मध्यें स्मारक उभें राहिलें. संगमरवरी अर्धपुतळा फ्लॉरेन्सवासी इंग्रज शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांचा. वरची हिंदी घाटाची छत्री मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याची. हे मँट आम्हां कोल्हापूरकरांस परके नव्हेत. नवा राजवाडा, टाउन हॉल, राजाराम हायस्कूलची इमारत हीं त्यांचींच कामें. म्हणजे आर्नोकांठची ती छत्री आणि करवीरांतील त्या इमारती एकाच हातच्या होत, आणि मँटच्या शैलीचा विचार करणारांनीं फ्लॉरेन्सची छत्री वगळणें बरें नव्हे. तेथील लोक त्या जागेस ‘इंडियानो’ म्हणतात. १९७८ मध्यें जवळच झालेल्या पुलासहि तेंच नांव पडलें. राजाचें नांव गेलें, त्याचा देश राहिला. आमच्याकडे या स्मारकास सर्रास ‘समाधि’ म्हणतात. रक्षा जेथें ठेवलेली नाहीं त्या जागेस छत्री म्हणावें, हा आमच्याकडील जुना भेद पाळला तर पुढचा घोटाळा टळेल. नांवाचाहि घोटाळा आहेच: थोरल्या छत्रपतींचे पुत्र राजाराम, हे राजाराम, आणि १९२२ ते १९४० पर्यंत गादीवर असलेले राजाराम, हे तिघे एकमेकांच्या कपड्यांत वावरतांना आम्हीं छापील पुस्तकांतून पाहिले आहेत. राजाराम कॉलेज (१८८०) कोणाच्या नांवाचें हें सुद्धां पुष्कळांस सांगावें लागतें.

आमचा मुख्य आक्षेप वेस्टपेक्षां त्यांच्या वाचकांवर आहे. ही रोजनिशी एकटी वाचली जाते, आणि म्हणून ती गोड वाटते. तिच्या एक वर्ष आधीं, १८७१ मध्यें, लंडनांतच दुसरें एक पुस्तक निघालें: सर जॉर्ज ले ग्रँड जेकब यांचें, पश्चिम हिंदुस्थानांतील १८५७ च्या व त्याआधींच्या आठवणींचें. जेकब म्हणजे कोल्हापुरांत २७ व्या पलटणीचा उठाव (३१ जुलै १८५७) झाल्यावर धाडलेले अधिकारी. त्या डिसेंबरांत फिरंगोजी शिंदे व त्यांचे साथीदार यांनीं शहराचे दरवाजे बंद केले तेव्हां ते फोडून आंत शिरणारे तेच, आणि बाबासाहेबांचे धाकटे बंधु चिमासाहेब यांस कोल्हापुरांतून हलविण्यामागेंहि तेच. चिमासाहेब कराचीस नजरकैदेंत राहिले व १५ मे १८६९ रोजीं तेथेंच वारले. त्यानंतर वर्षभरांत राजाराम महाराज मुंबईच्या बंदरांतून निघाले. नात्यानें चिमासाहेब त्यांचे जन्मतः मामा व दत्तकानें चुलते. एकाच घराण्यांतील दोन पुरुष स. १८५८ आणि १८७० मध्यें समुद्रावर गेले, एक कैदी म्हणून व एक पाहुणा म्हणून, आणि दोघेहि परत आले नाहींत. दोघांची हकीकत छापली ती त्यांस पोंचविणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनीं. चिमासाहेबांची रोजनिशी छापण्याचें मात्र कोणा स्टाफ कोअरच्या कॅप्टनास सुचलें नसतें. वेस्ट आणि जेकब हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे पहिल्यांतील स्वस्थता कशाच्या मोलानें आली तें दिसतें. कोल्हापूर १८५७ वर लिहिणारे जेकब वाचतात; राजाराम महाराजांवर लिहिणारे वेस्ट वाचतात; आणि दोन्ही वाचणारे थोडे, हें दुर्दैव होय.

रोजनिशीस मराठी रूप देणाऱ्यानें सोडवावयाचा एक प्रश्न येथें नमूद करतों. इंग्रजी ‘मी’ मराठींत कसा आणावा? ‘आम्ही’ केलें तर दरबारी रीत राहते, पण पुस्तकाचा प्राण जातो. शिक्का पुन्हा उमटतो. आमच्या मतें ‘मी’च ठेवावा. इतर पात्रांच्या बाबतींत उलट करावें: वेस्ट, जमशेटजी यांच्याविषयींचीं आदरार्थी रूपें त्या काळच्या कोल्हापुरी बोलीप्रमाणें बसवावींत, कारण इंग्रजींत गुळगुळीत झालेलें नातें मराठींत त्यामुळेंच उघड होतें. आणि वेस्ट यांचीं प्रकरणें रोजनिशीच्या ओघांत न मिसळतां निराळ्या ठशांत छापावींत. आज साधा वाचक पुस्तक मिटतांना शेवटचे शब्द महाराजांचेच समजून मिटतो.

राहिला प्रश्न दुसऱ्या बाजूच्या कैफियतीचा. महाराजांबरोबर कोल्हापूरचे सरदार-मानकरी, शागिर्दपेशा व स्वयंपाकी गेले होते. अशा माणसांनीं घरीं पत्रें धाडलेलीं असणार, परत आल्यावर बक्षिसें व इनामें घेतलेलीं असणार, कोणी समुद्रगमनाबद्दल प्रायश्चित्ताचा खर्च टाकलेला असणार. ज्यांच्या संग्रहांत करवीरच्या मानकऱ्यांचीं दप्तरें आलीं आहेत त्यांनीं शके १७९२ व १७९३ चे रुमाल या दृष्टीनें पुन्हा सोडावेत. फ्लॉरेन्स हें नांव मोडींत कोणत्या रूपांत उतरलें असेल याचा नेम नाहीं. तेव्हां गांवाच्या नांवावर न जातां ‘विलायत’, ‘आगबोट’, ‘वेस्टसाहेब’ या शब्दांवर नजर ठेवावी, आणि हकिमाच्या वेतनाची अगर औषधाच्या किंमतीची बाब आढळली तर ती तारखेसह उतरून घ्यावी.